अमळनेरचा पीसी, पुण्याचा स्क्रीन: दमदार कॉम्प्युटर घरात असताना क्लाउड गेमिंग घ्यावं का?

मार्चच्या शेवटी एक पोरगा माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानावर आला. पोरगा म्हणजे सत्तावीस वर्षांचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. पण त्याचा पीसी २०२३ मध्ये मीच जोडून दिलेला, म्हणून माझ्या लेखी पोरगाच. चहा यायच्या आत म्हणाला, "दादा, माझा पीसी विकून द्याल का? किती येतील?"

असे प्रश्न आले की माझा हात आधी जुन्या बिलांच्या फाईलकडे जातो. रायझन ७ ७७०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०७० टीआय ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी डीडीआर ५ रॅम, १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा, १४४० पी मॉनिटर. पावणेदोन लाखांच्या आसपास गेलेली रक्कम. तीन वर्षांत या मशीनला म्हातारपण आलेलं नाही. विकायचं कारण मशीनमध्ये नव्हतंच.

कारण होतं जागेत. वर्क फ्रॉम होमच्या काळात तो अमळनेरला घरी होता, तेव्हा हा पीसी घेतला. मग कंपनीने आठवड्यातून चार दिवस ऑफिसला यायचं फर्मान काढलं. पुण्यात तिघांत एक फ्लॅट, त्याच्या वाट्याला एक पलंग आणि प्लॅस्टिकचं टेबल. तिथे हा टॉवर ठेवायचा कुठे आणि त्याच्या घरघरीत रूम पार्टनर झोपणार कसा? दर दोन आठवड्यांनी शनिवारी गावी यायचं, दीड दिवस खेळायचं, परत जायचं. मधल्या बारा दिवसांत पीसीवर धूळ. आणि रूम पार्टनर मात्र साध्या ऑफिसच्या लॅपटॉपवर क्लाउडवरून मोठमोठे गेम खेळतोय. "मग मी हे खोकं सांभाळू कशाला, दादा?"

मी म्हटलं, "विकू नको. आधी मोजू."

यातला माझा स्वार्थही सांगून टाकतो. जुना पीसी विकून देण्यात मला दोन पैसे मिळाले असते. पण २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे भडकलेत की तेच मशीन उद्या परत जोडायचं म्हटलं तर गिऱ्हाईक माझ्याच नावाने खडे फोडेल. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलला आणि आपल्यासारख्यांना उरलासुरला. अशा वेळी हातातलं चालतं मशीन विकणं म्हणजे पेरणीच्या तोंडावर बैल विकणं.

ज्यांना ही भानगड नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. क्लाउड गेमिंगमध्ये गेम तुमच्याकडे चालतच नाही. दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि तुमच्याकडे येतो तो त्याचा चालू व्हिडिओ. तुम्ही बटन दाबलं की ते तिकडे जातं, तिकडे गोळी सुटते आणि सुटलेल्या गोळीचं चित्र इकडे येतं. कल्पना जुनी आहे. ऑनलाइव्ह नावाची सेवा २०१० मध्ये निघाली आणि २०१५ मध्ये बंद पडली. गुगलची स्टेडिया नोव्हेंबर २०१९ मध्ये आली, १८ जानेवारी २०२३ ला बंद झाली. भारतात तर ती पोचलीच नाही. गुगलने लोकांचे गेमचे पैसे परत केले हे मान्य, पण दुकानच उठलं. आपल्याकडे जिओने आपली सेवा आणली, ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाने जानेवारी २०२५ मध्ये 'पहिल्या सहामाहीत भारतात येतो' म्हणून सांगितलं आणि ती सहामाही तशीच गेली, एक्सबॉक्सचं क्लाउड नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात सुरू झालं. म्हणजे आता हा प्रश्न अमळनेरच्या पोरालाही पडू शकतो, दोन-तीन वर्षांपूर्वी पडला नसता.

त्याने एका सेवेचं महिन्याचं सबस्क्रिप्शन घेतलं. नाव सांगत नाही, कारण पुढे जे दिसलं त्यात दोष त्या सेवेचा किती आणि आमच्या गल्लीतल्या तारेचा किती, हे मला वेगळं करता आलेलं नाही.

अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्याच्या घरी बोलावणं होतं. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस, त्यावर पीसीची तपासणी. असा धंदा रोज मिळाला तर मी दुकान बंद ठेवीन. जेवण झाल्यावर आम्ही वरच्या खोलीत बसलो. मोजायला कुठलंही महागडं यंत्र नव्हतं. फोनच्या स्लो मोशन कॅमेऱ्यात सेकंदाला २४० फ्रेम निघतात, म्हणजे एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची. फोन पापडाच्या डब्याला टेकवून उभा केला, माऊसवरचं बोट आणि स्क्रीन दोन्ही दिसतील असा. क्लिक केलं, की बंदुकीच्या तोंडाशी जाळ दिसेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजायचं. एकदा नाही, वीस-वीस वेळा. त्याचे वडील, नाना, वहीत आकडे लिहीत होते. ते निवृत्त शिक्षक, आकडे रकान्यात पाडल्याशिवाय त्यांना चैन नाही.

पीसीवर थेट खेळताना सरासरी ७ फ्रेम, म्हणजे तीसेक मिलिसेकंद. त्याच खोलीत, त्याच मॉनिटरवर, क्लाउडवरून: २७ फ्रेम. एकशे बाराच्या आसपास.

पोरगा म्हणाला, "पण पिंग तर ३४ च दाखवतंय." इथेच बहुतेकांची फसगत होते. पिंग म्हणजे तारेवरून जाऊन येण्याचा वेळ, तेवढाच. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर मुंबईत धरला आणि तार चारशे किलोमीटरची धरली, तर जाऊन येऊन ४ मिलिसेकंद व्हायला हवेत. उरलेले ३० गेले मधल्या स्विचमध्ये, राउटरमध्ये आणि तार कुठून कुठे फिरवून नेली आहे त्यात. आणि पिंगच्या पलीकडे: सर्व्हरने गेमची फ्रेम काढायची, तिचा व्हिडिओ दाबून बनवायचा, इकडे तो उलगडायचा, मग स्क्रीनवर रंगवायचा. सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशोबात एकेक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, एखादं पाऊल एक फ्रेम चुकलं की तेवढा उशीर वाढला.

एकशे बारा मिलिसेकंद म्हणजे किती? ताशी १४० किलोमीटरने टाकलेला चेंडू बॅट्समनपर्यंत यायला साधारण अर्धा सेकंद लागतो. क्लाउडने त्यातले ८० मिलिसेकंद जादा खाल्ले, म्हणजे सहावा हिस्सा. आम्ही क्रिकेटचा गेम लावून पाहिला. पीसीवर तो यॉर्कर खणून काढत होता. क्लाउडवर त्याच यॉर्करला तीनदा दांडी गुल. चौथ्यांदा तो अंदाजाने आधीच बॅट फिरवायला लागला. जमलंही. माणूस उशिराची सवय लावून घेतो, पण १६५ हर्ट्झच्या मॉनिटरवर तयार झालेल्या हाताला ही सवय म्हणजे शिक्षाच. पत्त्यांचे, डाव टाकून वाट पाहण्याचे, शेतीवाडीचे गेम मात्र क्लाउडवर ठणठणीत चालले. तिथे एक दशांश सेकंदाला कोण विचारतो.

चित्राचं तर विचारू नका. १०८० पीचं कच्चं चित्र ६० फ्रेमने पाठवायचं तर सेकंदाला जवळजवळ ३ गिगाबिट लागतात. ते येतं २०-२५ मेगाबिटमध्ये, म्हणजे सव्वाशे-दीडशे पटींनी दाबून. उभं असलेलं घर, डोंगर, माणसाचा चेहरा व्यवस्थित. पण गवतातून घोडा पळाला, पाऊस पडला, धूर उडाला, की सगळं फसफसतं. अंधाऱ्या गुहेत भिंतीवर चौकोनी ठिगळं दिसायला लागली, तेव्हा नानाही म्हणाले, "हे जुन्या व्हीसीआरसारखं काय दिसतंय?" लहान लॅपटॉपवर हे फार खुपत नाही. रूम पार्टनर खूश का होता ते इथे कळलं. त्याने या पीसीवरचं चित्र कधी पाहिलंच नव्हतं.

इथपर्यंत निकाल सरळ होता. ज्याच्या टेबलावर तगडं कार्ड आहे त्याने त्याच टेबलावर बसून क्लाउड वापरणं म्हणजे विहिरीचं पाणी सोडून टँकर बोलावणं. पण एवढ्याच निष्कर्षासाठी मी हे प्रकरण लिहायला घेतलं नसतं.

झालं असं की मोजता मोजता खोली तापली. बाहेर बेचाळीस, वर पत्रे, आत आम्ही तिघं आणि भिंतीतून ४२० वॅट ओढणारा पीसी. हे ४२० वॅट शेवटी उष्णता होऊनच खोलीत उतरतात. उन्हाळ्यात छोटा हीटर लावून बसल्यासारखं. कार्डाचं तापमान ८४ वर, पंखे विमानासारखे. आजी जिन्यात येऊन उभी राहिली, हात लांब करून कॅबिनेटच्या मागची हवा पाहिली आणि म्हणाली, "हाई डबडं कितलं तपस रे!" खानदेशात गेमिंग पीसीचा खरा शत्रू हा आहे. कूलर लावला तर ओलसर हवा आणि काळ्या मातीची बारीक धूळ मिळून हीटसिंकच्या पात्यांवर नमद्यासारखा थर बसतो. असे थर मी दर जूनमध्ये ब्रशने खरवडतो. एसी सगळ्यांनाच परवडत नाही, आणि लाईट गेली की घरच्या इन्व्हर्टरवर चारशे वॅटचं मशीन ओढायचं म्हणजे इन्व्हर्टरचाच जीव जायचा.

मी पहिलं काम फुकटातलं केलं. कार्डाची पॉवर लिमिट ७५ टक्क्यांवर आणली. फ्रेम थोड्याच कमी झाल्या, तापमान ७० च्या घरात आलं, आवाज निम्मा झाला. हे दर उन्हाळ्यात प्रत्येकाने करावं. मी सांगतो, कोणी करत नाही.

दुसरं सुचलं ते नानांना. घराच्या मागच्या अंगाला त्यांची जुनी धाब्याची खोली आहे. मातीच्या हातभर जाड भिंती, वर मातीचं धाबं. एप्रिलच्या दुपारी आत शिरलं तर अंगावर शाल घ्यावीशी वाटेल असं नाही, पण वरच्या खोलीपेक्षा सात-आठ अंशांनी तरी थंड. तिथे धान्याच्या कोठ्या होत्या. नाना म्हणाले, "ते खोकं इथे ठेवा आणि तुम्ही वर बसून खेळा. वायर लांब करा."

वायर लांब करण्यापेक्षा बरी युक्ती होती: पीसीचंच क्लाउड करायचं. सनशाइन नावाचं फुकट, मुक्त सॉफ्टवेअर पीसीवर बसवायचं आणि ज्यावर खेळायचं त्या लॅपटॉप-टीव्हीवर मूनलाइट. एनव्हिडियाची स्वतःची गेमस्ट्रीम सोय २०२३ मध्ये गुंडाळली गेली, तेव्हापासून सगळे हेच वापरतात. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचं रिमोट प्लेही आहे, आणि तेही बरं चालतं.

पहिल्या दिवशी काहीच चाललं नाही. मूनलाइट जोडलं की काळा पडदा. अर्ध्या तासाने माझीच ट्यूब पेटली: मॉनिटर वर राहिला, धाब्याच्या खोलीत पीसीला मॉनिटरच नाही, म्हणून विंडोज चित्र काढायलाच तयार नाही. त्यासाठी एचडीएमआयचा डमी प्लग मिळतो, अंगठ्याएवढा. तो खोचला की पीसीला वाटतं पडदा जोडलाय. जळगावहून दुसऱ्या दिवशी बसच्या कंडक्टरबरोबर पाठवला. मग वायफायचं रडगाणं. मातीच्या जाड भिंतीतून वायफाय गेलं तर पाहिजे ना! ज्या भिंतीमुळे खोली थंड, त्याच भिंतीमुळे सिग्नल मेला. शेवटी कॅट ६ ची वीस मीटर तार पन्हळीच्या कडेने वर नेली आणि राउटरला थेट जोडली. वरचा लॅपटॉपही तारेवर. परत तोच पापडाचा डबा, तोच फोन: ११ फ्रेम. सेहेचाळीस मिलिसेकंद. यॉर्कर परत खणून निघाला.

आता पुणे. घरचं फायबर गावातल्या इंटरनेटवाल्याचं, आणि तो बऱ्याच घरांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड ठेवतो, म्हणून बाहेरून थेट घरात शिरता येत नाही. राउटरची पोर्टं उघडायच्या नादाला लागूही नये, उगाच चोराला दार दाखवल्यासारखं. टेलस्केल नावाचं सॉफ्टवेअर दोन्हीकडे टाकलं, पुण्याचा लॅपटॉप आणि अमळनेरचा पीसी एकाच खासगी जाळ्यात आले. ४०७० टीआयला एव्ही१ या व्हिडिओ जास्त चांगला दाबणाऱ्या नव्या पद्धतीत व्हिडिओ बनवता येतो आणि त्याच्या लॅपटॉपला तो उलगडता येतो, म्हणून ३५ मेगाबिटमध्येही चित्र क्लाउडपेक्षा स्वच्छ. आणि उशीर? पोराने पुण्यात स्वतः मोजला. अमळनेरच्या पीसीवरून २१ फ्रेम. भाड्याच्या क्लाउडवरून, पुण्यात, २०. म्हणजे साडेतीनशे किलोमीटरवर कोठ्यांच्या शेजारी बसलेला आपला पीसी एका मोठ्या कंपनीच्या डेटा सेंटरच्या बरोबरीने धावला. मला याचा आनंद जरा जास्तच झाला हे कबूल करतो. ज्या अमळनेरात १९४५ मध्ये वनस्पती तुपाच्या कारखान्यातून विप्रो सुरू झाली, तिथली पोरं सॉफ्टवेअरसाठी पुण्याला जातात. निदान सर्व्हर तरी गावात राहिला.

पण त्या डेटा सेंटरचा सगळा कर्मचारीवर्ग म्हणजे नाना. पीसी चोवीस तास चालू ठेवायचा नाही, तेव्हा रात्री साडेआठला फोन: "नाना, खालचं बटन दाबा ना." नाना टॉर्च घेऊन जायचे. एकदा ते लग्नाला धरणगावला गेले आणि त्या रात्री 'सर्व्हर डाऊन'. मग बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या विंडोजआधीच्या मूळ सेटिंगांत, वीज येताच सुरू होण्याची सेटिंग केली आणि स्मार्ट प्लग लावला. पोरगा पुण्यातून प्लग चालू करतो, पीसी उठतो. लाईट गेली तर यूपीएस आठ मिनिटं धरतो, तेवढ्यात सेव्ह करून बंद करायचं. खांबावरच्या इंटरनेटवाल्याच्या पेटीला मात्र बॅकअप नाही. घरात इन्व्हर्टरवर राउटर चालू, पण गल्लीतच अंधार असेल तर नेट गेलंच. आणि रात्री नऊ ते अकरा अपलोड बसतं. गावभर तेव्हा सगळे व्हिडिओ पाहत असतात. त्या वेळात तो बिटरेट, म्हणजे सेकंदाला जाणारा डेटा, २० मेगाबिटवर आणतो, नाहीतर सरळ झोपतो, जे त्याच्या आईला फार आवडलं आहे.

पैशाचं एवढंच: तासाला ०.४२ युनिट, महिन्याला साठ तास म्हटले तर पंचवीस युनिट. युनिटला बारा रुपये धरले तरी तीनशे. सबस्क्रिप्शनचं भाडं त्याहून बरंच जास्त होतं. डेटा दोन्हीकडे सारखाच जातो: २० मेगाबिटला तासाला ९ जीबी. घरगुती फायबरला हे काही नाही, पण रोज २ जीबीच्या मोबाइल पॅकवर तेरा मिनिटांत खेळ खलास. सुरत लाईनच्या गाडीत बसून खेळायची स्वप्नं कोणी बघू नयेत. जे तासन् तास खेळतात त्यांनी आणखी एक पाहावं: एनव्हिडियाच्या सेवेत २०२५ पासून महिन्याला १०० तासांची मर्यादा आहे. पावणेदोन लाखांचं मशीन घेणारा माणूस सहसा त्याच जातीचा असतो.

आणि गेम कुठले? याच्या स्टीमच्या खात्यात सत्तरेक गेम. भाड्याच्या क्लाउडवर त्यातले मोजकेच, कारण गेम तिथे ठेवायचा की नाही हे प्रकाशक ठरवतो. मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनी गेममध्ये केलेले फेरफार, तर नाहीच. त्याने दोन वर्षं मॉड चढवून सजवलेला एक गेम आहे. त्याच्यासाठी क्लाउड म्हणजे दुसऱ्याचं घर, जिथे खिळाही ठोकता येत नाही.

एका बाबतीत मात्र क्लाउडने मला खोटं पाडलं. दीडशे जीबीचा गेम १०० मेगाबिटवर उतरवायला तीन तास वीस मिनिटं लागतात. क्लाउडवर तोच गेम दोन मिनिटांत सुरू. पोराने महिन्याभरात नऊ गेम असे चाखून पाहिले, सात टाकून दिले, दोन पीसीवर उतरवले. ही सोय मी धरलीच नव्हती.

दुसरी सोय संकटातून कळली. मेच्या मध्यावर कार्डाचा एक पंखा कुरकुरायला लागला आणि मग थांबला. वॉरंटीत होतं, पाठवलं. सव्वीस दिवस. त्या काळात पीसी प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सवर नुसता जिवंत होता, खेळायच्या लायकीचा नव्हता. पोराने बंद केलेलं सबस्क्रिप्शन एका महिन्यासाठी परत घेतलं, डावाचे गेम खेळला, क्रिकेटला हात लावला नाही. कार्ड आलं त्या दिवशी पुढच्या महिन्याचं ऑटो रिन्यूअल बंद केलं. वर्षाचा प्लॅन स्वस्त पडतो म्हणून कंपनी मागे लागली होती. मी म्हटलं, गिऱ्हाईक म्हणून वर्षाचा घेऊ नको, पाहुणा म्हणून महिन्याचा घे.

पीसी विकला नाही. रूम पार्टनरने मध्यंतरी मला फोन केला होता: त्याच्याही भुसावळच्या घरी जुना पीसी पडून आहे, १०६० चं कार्ड आहे, त्याचं असं करता येईल का? त्याला मी क्लाउडच ठेवायला सांगितलं. त्या कार्डावर आजचे गेम रखडतात, त्यात दूरून चित्र मागवणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. तो जरा नाराज झाला. त्याच्या घरी धाब्याची खोलीही नाही, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे.

धाब्याच्या खोलीत आता कोठ्यांच्या बाजूला एक लाकडी पाट, पाटावर पीसी, वर जाळीचं कापड. पाट नानांनी दिला, जमिनीची ओल लागू नये म्हणून. उंदरांनी नेटची तार एकदा कुरतडली, ती मी लोखंडी पाइपातून घालून आलो. त्याचे पैसे घेतले नाहीत, शेवभाजी खाऊन आलो.